लाटेवर चालणारे वाहन रंकाळ्यात का हलले नाही, आणि समुद्रात ते किती ओझे वाहील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पाच विद्यार्थ्यांनी लाटांच्या जोरावर चालणारे मानवरहित वाहन तयार केले आहे. वर दीड मीटर लांबीचा फायबरचा तराफा, त्याखाली ४ मीटर केबलला लोंबणारा लोखंडी सांगाडा आणि त्या सांगाड्याला पात्यांच्या चार जोड्या, अशी त्याची रचना आहे. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावात सोडले तेव्हा ते पुढे हललेच नाही, वाऱ्याने तेवढे बाजूला सरकत राहिले. रत्नागिरीच्या समुद्रात ते चालेल का, चालले तर तापमान, क्षारता आणि लाटांची उंची मोजणारी साधने व डॉल्फिनचे आवाज टिपणारा हायड्रोफोन अशी चारही उपकरणे त्यावर एकदम बसवता येतील का, आणि हे जमणार नसेल तर सरळ मोटर आणि पंखा लावावा का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सुमारे २२ वर्षे समुद्रात मोजमापाची उपकरणे सोडण्याचे, ती परत आणण्याचे आणि जी परत आली नाहीत त्यांची कारणे शोधण्याचे काम केले. आता कोल्हापुरातच राहतो, त्यामुळे तुमचा रंकाळाही माझ्या ओळखीचा आहे आणि आंबा घाट उतरल्यावर लागणारा समुद्रही. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या तीन प्रश्नांच्या मागे एक चौथा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. वाहनाला ढकलणारी ऊर्जा लाटेकडून येते, पण उपकरणांना लागणारी वीज लाटेकडून येत नाही, ती उन्हाकडून येते. ही दोन वेगळी खाती आहेत आणि कोकण किनाऱ्यावर ती एकाच वेळी भरत नाहीत. तुमचे वाहन काय वाहू शकेल हे ठरवताना वजनापेक्षा या गोष्टीचा विचार आधी करावा लागेल.

प्रथम रंकाळा. तुमच्या रचनेत वाहन पुढे जाते ते असे: लाट तराफ्याला उचलते, केबल ताणली जाते आणि सांगाडा वर ओढला जातो. वर जाताना पाणी पात्यांच्या मागच्या कडेला खाली दाबते, पाते तिरपे होते आणि वर सरकता सरकता पुढेही सरकते. लाट उतरली की सांगाडा स्वतःच्या वजनाने खाली जातो, तेव्हा पात्याची मागची कड वर उचलली जाते आणि ते पुन्हा पुढेच सरकते. हातातून सोडलेला पुठ्ठ्याचा तुकडा सरळ खाली न पडता एका बाजूला घसरत जातो, तसाच हा प्रकार आहे. लाट कोणत्या दिशेने येते याच्याशी पुढे जाण्याचा फारसा संबंध नसतो, कारण वर-खाली या हालचालीचाच उपयोग केलेला असतो. रॉजर हाइन यांनी असे वाहन घडवले ते जो रिझी यांच्यासाठी, आणि रिझी यांचा मूळ हेतू हवाई बेटांजवळ व्हेलचे आवाज निवांत ऐकता यावेत एवढाच होता. त्यातून २००७ मध्ये लिक्विड रोबोटिक्स ही कंपनी उभी राहिली, तिच्या वाहनाला वेव्ह ग्लायडर हे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये बोइंगने ती कंपनी विकत घेतली.

आता या यंत्रणेला खरोखर काय लागते ते पाहा. लाटेमुळे पाणी फक्त पृष्ठभागावर हलत नाही, खालीही हलते. मात्र खोलीबरोबर ती हालचाल झपाट्याने कमी होते. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर तिच्या आवर्तकाळाच्या, म्हणजे दोन शिखरांमधील सेकंदांच्या, वर्गाला १.५६ ने गुणावे. पाच सेकंदांची लाट सुमारे ३९ मीटर लांब असते, आठ सेकंदांची सुमारे १०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळपास संपते, पण तुमची ४ मीटर केबल त्या मानाने फारच वर राहते. आठ सेकंदांच्या लाटेत ४ मीटर खोलीवर पाण्याची ७८ टक्के हालचाल शिल्लक असते. तराफा वर जातो, सांगाडा वर जातो आणि सांगाड्याभोवतीचे पाणीही त्याच्याबरोबर वर जाते. पात्यांना जाणवतो तो फक्त उरलेला २२ टक्क्यांचा फरक. केबल ८ मीटर केली तर हाच फरक ४० टक्क्यांच्या आसपास जातो. वेव्ह ग्लायडरची केबल साधारण ७ ते ८ मीटर ठेवली गेली ती याच कारणाने. तुमची केबल कमी आहे, हे मी पहिल्याच वाक्यावरून ओळखले.

रंकाळ्यात मात्र उलटे घडते. तिथल्या लाटा दीड सेकंदाच्या, म्हणजे साडेतीन मीटर लांबीच्या असतील. ४ मीटरवर पाणी अगदी स्थिर, म्हणजे फरक पूर्णपणे मिळतो. पण तो फरक असतो चार-पाच सेंटिमीटरचा, आणि तेवढा तुमच्या बिजागऱ्यांचा ढिलेपणाच खाऊन टाकतो. त्यामुळे रंकाळ्यातील अपयशावरून तुमचे वाहन चांगले की वाईट हे ठरत नाही. पाणी आत शिरते का, तराफा सरळ तरंगतो का, सुकाणू आज्ञेप्रमाणे वळते का आणि काठावरून रेडिओचा संपर्क किती अंतरापर्यंत टिकतो, एवढ्यासाठी तलाव उत्तम आहे. पात्यांची परीक्षा तिथे होणार नाही.

ती परीक्षा घ्यायला रत्नागिरीला जाण्याचीही गरज नाही. आपल्या भागात उसाच्या शेतातून बांधीव, रुंद विहिरी भरपूर आहेत. पाणी किमान सात-आठ मीटर असलेली एखादी विहीर मालकाला विचारून निवडा, वर आडवी तुळई टाका, तिला कप्पी लावा आणि तराफा बाजूला ठेवून नुसता सांगाडा दोराने पाण्यात सोडा. सांगाड्याच्या मागच्या टोकाला दुसरा दोर बांधून तो पाण्याखाली कप्पीवरून वळवून काठावरच्या ताणकाट्याला जोडा. मग एकाने घड्याळ पाहत सहा सेकंदांच्या तालात मुख्य दोर अर्धा मीटर ओढायचा आणि सोडायचा. ताणकाटा सरासरी किती किलो ओढ दाखवतो, हाच तुमच्या वाहनाचा जोर. मी अशी चाचणी दोन वेळा केली आहे. पहिल्या वेळी ओढ जवळपास शून्य आली, तेव्हा पाण्याखाली कॅमेरा सोडून पाहिले. पाती वर जाताना नीट वळत होती. उतरताना मात्र मधल्या स्थितीतच थरथरत होती, कारण सांगाडा हलका पडत होता.

तुमच्याकडे हीच अडचण निघण्याची शक्यता मला अधिक वाटते. २ मीटर उंचीची, सहा सेकंदांची लाट उतरते तेव्हा तराफा सेकंदाला कमाल १ मीटर वेगाने खाली येतो. ८ मीटरवरचे पाणी त्यातील सुमारे ४० टक्के वेगाने सांगाड्याबरोबर खाली जाते, म्हणजे उरलेला सेकंदाला ६० सेंटिमीटरचा वेग सांगाड्याने स्वतःच्या वजनावर पाणी कापत गाठायचा असतो. तो गाठला नाही तर केबल सैल पडते, आणि पुढची लाट तराफ्याला उचलते तेव्हा ती हिसक्याने ताणली जाते. त्या एका हिसक्यात नेहमीच्या ताणाच्या कितीतरी पट ताण येतो. दिवसाला अशा सहा सेकंदांच्या चौदा हजारांहून अधिक लाटा येतात, हे लक्षात घ्या. केबल तुटते ती बहुधा मधे तुटत नाही. जिथे ती तराफ्यात किंवा सांगाड्यात शिरते त्या वळणावर, आतल्या तारा आधी जातात. म्हणून त्या दोन्ही तोंडांना रबराचे निमुळते आवरण लावून वळण सावकाश होईल असे करा. गोल केबलऐवजी चपटी केबल वापरली तर पाण्याचा विरोध कमी होतो आणि ती पिळतही नाही.

वजन वाढवायचे म्हटल्यावर तुम्ही उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीत बिडाचे ठोकळे ओतून घ्याल, कारण आपल्याकडे ते स्वस्तात आणि उत्तम मिळतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुकाणू सांगाड्यावर होते, म्हणून दिशा पाहणारे होकायंत्रही मी तिथेच बसवले आणि त्यापासून वीतभर अंतरावर बिडाचा ठोकळा. काठावर तपासले तेव्हा चार दिशा बरोबर दाखवल्या होत्या, कारण तपासताना ठोकळा अजून बसवलेलाच नव्हता. समुद्रात ते वाहन दोन दिवस एकाच जागी घिरट्या घालत राहिले, आणि प्रवाहाने ते अडवले आहे असे मी सर्वांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होतो. शिसे वापरा. बीडच वापरायचे असेल तर होकायंत्र तराफ्यावर ठेवा आणि सगळे वजन बसवून झाल्यावरच त्याची दुरुस्ती करा.

आता रत्नागिरीत ते चालेल का, याकडे येतो. हे ऋतूवर अवलंबून आहे, आणि ऋतूवर म्हणजे फक्त लाटांच्या उंचीवर नव्हे. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे आपल्या किनाऱ्यापासून थोडे आत गेले की तीन मीटर आणि त्याहून उंच लाटा सर्रास असतात. या काळात कोणतेही बऱ्यापैकी बनवलेले वाहन एक ते दीड नॉट वेगाने चालेल. एक नॉट म्हणजे दिवसाला ४४ किलोमीटर. हा वेग कमी वाटत असेल तर एक उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून चार वेव्ह ग्लायडर निघाली होती, त्यांतील ‘पापा माउ’ नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावर पोहोचले. सुमारे ९,००० सागरी मैल त्याने जवळपास याच सरासरीने कापले. चिकाटी हा या वाहनांचा गुण आहे आणि वेग हा कधीच नव्हता.

ऑक्टोबर ते मे हा काळ वेगळा. लाटांची उंची साधारण एक मीटरच्या आसपास किंवा त्याखाली येते, आणि त्यांत दोन जातींचे मिश्रण असते. एक, दूर दक्षिणेच्या महासागरातून येणारी लांब लाट, बारा-तेरा सेकंदांची. ती अडीचशे मीटर लांब असल्याने ८ मीटरवरही पाणी जवळपास तेवढेच हलत असते आणि पात्यांच्या वाट्याला जेमतेम १८ टक्के फरक येतो. डोळ्यांना समुद्र डुलताना दिसतो आणि वाहन मात्र पेंगत असते. दुसरी जात दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यांनी उठणारी, चार-पाच सेकंदांची आखूड लाट. ती उंचीने कमी असली तरी तिचा ७० ते ८५ टक्के फरक पात्यांना मिळतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वाहन दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत बऱ्यापैकी चालते आणि पहाटे मतलई वाऱ्यांच्या वेळी थांबल्यासारखे होते, हे गृहीत धरूनच मोहिमेचा मार्ग आखावा लागतो. जोडीला प्रवाह आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, त्यावर भरती-ओहोटीचा प्रवाह वेगळा. अर्ध्या नॉटने चालणाऱ्या वाहनाला अर्ध्या नॉटचा प्रवाह समोरून आला तर ते जागीच उभे राहील, आणि तो दोष कोणाचाही नसेल.

आता विजेचे खाते मांडू. तुमच्या तराफ्यावर ८० वॅटचे सौर पॅनल बसेल असे धरतो. ते आडवे असते, त्यावर मिठाचा थर बसतो आणि लाटाही जातात. तरी मार्चच्या दिवसात पाच तासांचे पूर्ण ऊन धरून आणि तीस टक्के तूट वजा करून सुमारे २८० वॅट-तास मिळतील. जुलैत ढग दाटलेल्या दिवशी मी याचा चौथा हिस्सा, म्हणजे ७० वॅट-तास धरतो. खर्च असा: नियंत्रक, होकायंत्र आणि सुकाणू मिळून सरासरी अडीच वॅट, दिवसाला ६० वॅट-तास. जीपीएस आणि संदेशवहन १२. रात्रीचा दिवा आणि जहाजांना आपली जागा कळवणारे एआयएस यंत्र मिळून ६०. एकही उपकरण न लावता १३२ झाले. त्यावर तुमची साधने: तापमान आणि क्षारता दर दहा मिनिटांनी मोजली तर ५, लाटांसाठी सतत चालणारा त्वरणमापक १२, हायड्रोफोनचे ध्वनिमुद्रण सतत ठेवले तर ३६. एकूण १८५.

म्हणजे मार्चमध्ये चारही साधने खुशाल चालतील आणि वर शिल्लक राहील. जुलैत नुसते वाहन जिवंत ठेवायलाही वीज पुरणार नाही. जेव्हा लाट भरपूर तेव्हा ऊन नाही, आणि जेव्हा ऊन भरपूर तेव्हा लाट पेंगते. प्रशांत महासागरातल्या मोहिमांचे आकडे वाचून आपल्याकडची वाहने आखू नयेत ती यासाठीच. हे आकडे माझे ठोकताळे आहेत. तुम्ही प्रत्येक यंत्राचा प्रवाह स्वतः मीटर लावून मोजा, कारण पुस्तिकेतला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत मी दुपटीचा फरकही पाहिला आहे. बॅटरी तीन दिवस ऊन न पडता वाहन जगेल एवढी, म्हणजे ४०० वॅट-तासांची ठेवा.

लाटेवरच जनित्र बसवून वीज का करू नये, असे तुमच्या मनात येईल. हिशेब करून पाहा. पाण्यात २० किलो भरणारा सांगाडा एक मीटर खाली गेला तर सुमारे १९६ ज्यूल ऊर्जा मिळते. सात सेकंदांच्या लाटेत ती सरासरी २८ वॅट होते. त्यातली बरीचशी पात्यांभोवतीच्या भोवऱ्यांत आणि बिजागऱ्यांच्या घर्षणात जाते, उरलेल्यातून वाहन चालते. त्यातून पाच वॅट वीज काढली तर तेवढा वेग कमी होईल. जुलैत, जेव्हा वेग जास्तीचा असतो, तेव्हा हा सौदा परवडेल, पण पहिल्या वाहनात मी हा व्याप करणार नाही.

उपकरणांबद्दल मला वजनापेक्षा जागेची चिंता अधिक वाटते. तापमान तराफ्याखाली हातभर खोलीवर मोजले तर दुपारी वरचा तापलेला थरच मोजला जाईल. सांगाड्यावर ८ मीटर खोलीवर मोजले तर वेगळा आकडा येईल, आणि दोन्ही आकडे बरोबरच असतील. तुम्हाला कोणता हवा ते आधी ठरवा. क्षारता विद्युतवाहकतेवरून काढतात आणि वाहकता मोजणाऱ्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले की आकडा खाली घसरतो, म्हणून ते साधन पृष्ठभागाजवळ ठेवूच नये, सांगाड्यावरच ठेवावे. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत सगळ्यावर शेवाळ आणि बारीक शिंपले बसतात. पात्यांवर बसले तर वेग कमी होतो, हे लगेच दिसते. वाहकतेच्या नळीत बसले तर क्षारता दररोज किंचित कमी होत जाते, आणि नदीचे पाणी समुद्रात मिसळत असल्याचा सुंदर शोध लागल्यासारखा वाटतो. सोडण्याआधी आणि परत आणल्यावर एकाच ज्ञात क्षारतेच्या पाण्यात साधन बुडवून पाहिल्याशिवाय त्या नोंदीवर विश्वास ठेवू नका.

लाटांच्या उंचीसाठी तराफ्याच्या त्वरणाचे दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते आणि त्यात संथ चुका साठत जातात, त्या गाळाव्या लागतात. शिवाय वाहन चालत असते: सेकंदाला ०.७ मीटर वेगाने पाच सेकंदांच्या लाटेला सामोरे जाताना लाटांची वारंवारता सुमारे ९ टक्के वाढलेली दिसते. केबलचा हिसका आखूड लाटांच्या नोंदीत खोट्या शिखरासारखा उमटतो, ते वेगळेच. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटा मोजणारा बोया रत्नागिरीजवळ असतो. आपले वाहन एक दिवस त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर फिरवून दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. असा तुलनेचा आधार आपल्या किनाऱ्यावर उपलब्ध आहे, हे तुमचे भाग्य.

हायड्रोफोनच्या बाबतीत मात्र मी अडून बसेन. लाटेवर चालणाऱ्या वाहनाला इंजिन नसते म्हणून ते शांत असते, हे अर्धेच खरे. तराफ्याच्या पोटावर पाणी आपटते, पाती आपल्या अडसरांवर टकटक करतात, ताणलेली केबल तारेसारखी गुणगुणते. हायड्रोफोन तराफ्याला बांधला तर तुमच्या वाहनाचेच ध्वनिमुद्रण होईल. तो सांगाड्याच्या मागे आठ-दहा मीटर मऊ, लवचिक केबलवर ओढत न्यावा आणि पात्यांच्या अडसरांना रबर लावावे. सेकंदाला ९६,००० नमुने घेतले तर दिवसाला साडेसोळा गिगाबाइटच्या वर डेटा होतो. तो कोणत्याही संदेशवहनातून पाठवता येणार नाही, म्हणजे वाहन परत मिळाले तरच ध्वनी मिळाले. या दराने डॉल्फिनच्या शिट्ट्या टिपता येतील, त्यांचे अतिउच्च वारंवारतेचे टिचके बरेचसे सुटतील. पहिल्या मोहिमेत हायड्रोफोन नको, असे माझे स्पष्ट मत आहे. मागे ओढल्या जाणाऱ्या केबलमुळे जाळ्यात अडकण्याची शक्यता वाढते आणि तुम्हाला आधी वाहन परत आणायला शिकायचे आहे.

इथवरचे सांगणे एकत्र करतो: सांगाडा जड करा, केबल ८ मीटर करा, विहिरीत ओढ मोजा, पहिली मोहीम फेब्रुवारी-मार्चमध्ये आखा आणि तापमान, क्षारता व लाटा एवढीच साधने न्या.

यावर एक पर्यायही विचारात घ्या. लोंबता सांगाडा हाच एक मार्ग नाही. एकाच लांबट होडीच्या नाळीवर आणि वरामावर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकाला, पाण्याखाली पाती बसवली तर होडीच्या वर-खाली डोलण्यातूनही पुढे जाण्याचा जोर मिळतो. जपानच्या केनिची होरिए यांनी २००८ मध्ये नाळीखाली दोन पाती बसवलेल्या ‘सनटोरी मर्मेड २’ या बोटीतून हवाईपासून जपानपर्यंतचा प्रवास लाटांच्या जोरावर केला होता, आणि ब्रिटनमध्ये बनलेले ‘ऑटोनॉट’ हे मानवरहित वाहन याच तत्त्वावर संशोधनाची साधने वाहते. या रचनेला लोंबती केबल नाही, हिसका नाही, जाळ्याची भीती कमी आणि उथळ पाणीही चालते. लोंबत्या सांगाड्याचे वाहन मी २० मीटरहून कमी खोलीच्या पाण्यात आणणार नाही. मात्र एकाच होडीच्या रचनेत साधन ८ मीटर खोलीवर ठेवण्याची सोय जाते. तुमचा सांगाडा तयार आहे म्हणून त्यावरच पुढे जा. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाला मी होडीची रचना सुचवली असती. आणि पृष्ठभागापासून शेकडो मीटर खालपर्यंतचे तापमान हवे असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. ते काम उत्प्लावकता बदलून खाली-वर जाणाऱ्या पाण्याखालच्या ग्लायडरचे किंवा दर दहा दिवसांनी २,००० मीटरवरून वर येणाऱ्या आर्गो तरंगकाचे आहे.

मोटर-पंख्याविषयी. पूर्णपणे त्यावर जाऊ नका. वेग दुप्पट करायचा तर वीज साधारण आठपट लागते, हे गणित तुमच्या पॅनलला कधीच झेपणार नाही. पण पहाटेच्या निवांत पाण्यात, किंवा एखाद्या ट्रॉलरच्या वाटेतून बाजूला होण्यासाठी, ३० वॅटचा छोटा पंखा दिवसाला एक-दोन तास चालवणे परवडते. मार्चच्या हिशेबात तेवढी शिल्लक आहे. वेव्ह ग्लायडरच्या पुढच्या आवृत्तीतही असा पूरक पंखा दिला गेला होता.

राहिली माणसांची बाजू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे जाळ्यांचा धोका कमी होतो, पण वाहन अडकले तर आणायला जाणारी नौकाही मिळत नाही. पावसाळी मोहीम पहिल्या वर्षी न करण्याचे हे दुसरे कारण. इतर महिन्यांत समुद्र जाळ्यांनी भरलेला असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाऊन मच्छीमार सोसायटीला आणि दोन-तीन तांडेलांना, म्हणजे नौकाप्रमुखांना, वाहन प्रत्यक्ष दाखवा, मार्ग कागदावर काढून द्या आणि तराफ्यावर मराठीत ठळक अक्षरांत आपला दूरध्वनी क्रमांक आणि ‘संशोधनाचे यंत्र, स्फोटक नाही’ असे लिहा. माझे एक वाहन जाळ्यात गेले होते. तांडेलाने ते कापून टाकण्याऐवजी नौकेवर घेतले, कारण आदल्या आठवड्यात त्याने ते धक्क्यावर हात लावून पाहिले होते. फाटलेल्या जाळ्याचे पैसे मी दिले आणि ते द्यायलाच हवे होते. तटरक्षक दल, महाराष्ट्र सागरी मंडळ आणि सागरी पोलीस यांना महाविद्यालयाच्या पत्राने आधी कळवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, म्हणून पहिली मोहीम किनाऱ्यापासून मोबाइलच्या टप्प्यात राहील अशीच आखा आणि संपर्क तुटला तर वाहनाने आपोआप ठरलेल्या बिंदूकडे परतावे अशी आज्ञा आधीच भरून ठेवा.

विहिरीतली चाचणी झाली की मला चार गोष्टी कळवा: सांगाड्याचे पाण्यातले वजन, सहा आणि आठ सेकंदांच्या तालात ताणकाट्यावर आलेली ओढ, पाती दोन्ही बाजूंना किती अंशांपर्यंत वळतात तो कोन, आणि प्रत्येक बिजागरीतला ढिलेपणा. शेवटचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहा. ‘थोडा ढिला आहे’ एवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही.